हेडचं काम झालं, पण गाडी ओढेना: टायमिंग बेल्ट एक दात चुकलेला

हेड गास्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) बदलून इंजिन बांधलं. चालू झालं, पण आयडलला थरथर, आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरलाही दम नाही. प्लग, कॉइल बदलले, फरक शून्य. तीन रविवार गेले, डोकं फिरायची पाळी आली.

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा दातेरी पट्टा. तो चढवताना दोन्हींच्या पुलीवरच्या खुणा जुळत होत्या. पण टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाच्या) उलट बाजूला ढील राहिली होती. टेन्शनर ताणला की ती ओढली जाऊन कॅम खुणेवरून हटायचा. 20 दातांच्या क्रँक पुलीवर एक दात म्हणजे 18 अंश!

शेवटी बॅटरीची वायर काढली. चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. क्रँकच्या दातेरी पुलीची खूण ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेशी लावली. बाहेरच्या मोठ्या पुलीवरची नव्हे, ती खूण इग्निशन टायमिंगची. मी आधी तिथेही फसलो होतो. मग कॅमची खूण. बेल्ट क्रँकपासून चढवत टेन्शनरच्या उलट बाजूने ताणून नेला, सगळी ढील टेन्शनरकडे ठेवली. टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून क्रँक पान्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवला. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. मग बोल्ट आवळला, आणखी दोन फेरे, खुणा परत पाहिल्या. दोन्ही नेमक्या समोरासमोर.

काल यवतेश्वर तिसऱ्यात चढली.