डग्लस-रॅकफर्ड कधी थांबवायचं?

कोडला हात लावण्याआधी आलेखाची वही आणि पेन्सिल घ्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. डग्लस-रॅकफर्डसारखी स्प्लिटिंग पद्धत (प्रश्नाचे तुकडे करून ते आळीपाळीने सोडवणारी) कन्व्हर्ज होते, उत्तराकडे पोचते, म्हणजे नेमकं काय होतं, ते प्रमेय वाचून मलाही कळलं नव्हतं; हाताने चार बिंदू मांडले तेव्हा कळलं.

आडवा अक्ष काढा आणि आरंभबिंदूतून त्याच्याशी 45 अंश करणारी रेषा. दोन्हींवर असलेला बिंदू हवा आहे, म्हणजे (0,0). (4,0) पासून निघा. आधी आडव्या अक्षात प्रतिबिंब घ्या, मग त्याचं तिरक्या रेषेत: (0,4). पुन्हा तेच: (-4,0), (0,-4), आणि परत (4,0). ही पीसमन-रॅकफर्ड पद्धत. बिंदू घाण्याच्या बैलासारखा फिरतो, उत्तराच्या जवळ तसूभरही जात नाही.

आता दर वेळी जुन्या आणि नव्या बिंदूचा मध्य घ्या. (4,0), (2,2), (0,2), (-1,1), (-1,0). उत्तरापासूनचं अंतर 4, 2.83, 2, 1.41, 1. झाली डग्लस-रॅकफर्ड! 1956 साली ती उष्णतावहनाच्या समीकरणांसाठी आली. 1979 मध्ये लिओंस आणि मेर्सिए यांनी ती मोनोटोन ऑपरेटरांपर्यंत (कधीही न उतरणाऱ्या फंक्शनचं व्यापक रूप) नेली. नुसता मध्य घेतल्याने फिरणारा बिंदू आत वळतो, याचं मला आजही अप्रूप आहे.

खरी गोम पुढे आहे. हे बिंदू म्हणजे झेड. उत्तर म्हणून आपण वापरतो तो एक्स, म्हणजे झेडची आडव्या अक्षावरची सावली: 4, 2, 0, -1, -1. तिसऱ्या जागी अचूक उत्तर मिळालं आणि लगेच सुटलं. शेवटच्या दोन जागी सावली हललीच नाही, आणि तीही चुकीच्या ठिकाणी. ‘एक्स बदलेना, थांबा’ अशी अट असती तर कोड -1 सांगून मोकळा झाला असता. माझ्या पहिल्या कामात हेच घडलं, आणि मी दोन आठवडे प्रॉक्सच्या (एकेक तुकडा सोडवणाऱ्या पायरीच्या) फंक्शनमध्ये चूक शोधत बसले.

म्हणून लागोपाठच्या दोन झेडमधलं अंतर मोजा. इथे ते 2.83, 2, 1.41, 1 असं उतरतं. कुठल्याही कॉन्व्हेक्स (वाटीसारख्या आकाराच्या) प्रश्नात ते कधीच वाढत नाही. वाढलं तर कोडमध्ये चूक आहे. शून्याकडे न जाता एखाद्या आकड्यावर अडलं, तर प्रश्नालाच उत्तर नाही. दोन समांतर रेषा घेऊन बघा.

संथपणाला मात्र चूक समजू नका. रेषांमधला कोन 10 अंश केलात तर अंतर एक दशांशावर यायला सुमारे 150 पावलं लागतात. खऱ्या प्रश्नात स्टेप साइझ (पावलाचं माप ठरवणारा, आपण निवडायचा आकडा) 0.1, 1, 10 अशी बदलून बघा. कुठलीही धन किंमत चालते, फरक पडतो तो वेगात. फॉरवर्ड-बॅकवर्ड या दुसऱ्या स्प्लिटिंग पद्धतीत ही मोकळीक नाही, तिथे स्टेप 2 भागिले लिप्शिट्झ स्थिरांक (फंक्शनचा उतार किती झपाट्याने बदलू शकतो याची मर्यादा) याच्या आतच ठेवा.

एडीएमएम ही स्प्लिटिंग पद्धत वापरत असाल तर तीही मुळात हीच पद्धत, ड्युअल प्रश्नावर (मूळ प्रश्नाच्या जोडीच्या प्रश्नावर) चालवलेली. फक्त प्रश्नाचे तीन तुकडे करून एकामागून एक सोडवू नका. तसं केल्यावर ती डायव्हर्ज होते, उत्तरापासून दूर जाते, अशी उदाहरणं 2016 मध्ये छापून आली आहेत. तुकडे दोन गटांत बांधा, मग चालवा.