पॉपीचं बी: मातीवर पेरा, मातीत नको

पॉपी उगवली नाही, तर बियाण्याला दोष देण्याआधी ते किती खोल पेरलं होतं ते आठवा. खसखस म्हणजे अफूच्या पॉपीचं बी. शोभेच्या शर्ली पॉपीचं बी त्याहूनही बारीक. एवढ्याशा दाण्यात जाड मातीचा थर फोडून वर येण्याइतकं अन्न नसतं, आणि रुजायला त्याला उजेडही लागतो. स्वयंपाकघरातली खसखस मात्र पेरू नका. अफूचं झाड लावणं अनेक देशांत परवान्याशिवाय गुन्हा आहे. शर्ली, आइसलँड किंवा कॅलिफोर्निया पॉपीचं पाकीट घ्या.

पेरणी थंडीच्या तोंडाशी करावी. जिथे हिवाळा कडक असतो तिथे बर्फ वितळल्यावर लगेच. मातीचं तापमान १० ते १८ अंश सेल्सिअस असेल तर बी साधारण १० ते २० दिवसांत रुजतं. ऊन वाढलं की उगवण घटते.

जागा अशी हवी की दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही. माती चिकट असेल तर वाळू मिसळा. शेणखत जेमतेम, नत्र जास्त झालं तर पानं माजतात, फुलं कमी येतात आणि देठ लोळतात. वाफा दाताळ्याने बारीक करून आदल्या दिवशी भिजवून ठेवा. बी पेरल्यावर झारीची धार सोडली तर सगळं बी वाहून एका कोपऱ्यात जमतं.

एक चिमूट बी दहापट कोरड्या वाळूत मिसळून मीठ भुरभुरावं तसं टाका. वाळू पांढरट असली तर कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते दिसतं. मग फळीने हलकेच दाबा, वर माती नको. कॅलिफोर्निया पॉपीवर दोन-तीन मिलिमीटर माती चालते. रुजेपर्यंत रोज फवाऱ्याने ओलावा द्या.

आता सगळ्यांच्या जिवावर येणारं काम: विरळणी. रोपं बोटाच्या पेराएवढी झाली की दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची काढा. ओढू नका, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीने जमिनीलगत कापा. काढलेली रोपं दुसरीकडे लावायचा मोह होतो, पण सोटमूळ दुखावलं की ती बहुधा टिकत नाहीत. म्हणून कुंडीत लावायची तर थेट तिथेच पेरा. कुंडी निदान २५ सेंटिमीटर खोल हवी.

रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली तर तो मर रोग: दाटी आणि जास्त पाणी. कळ्यांच्या देठांवर मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. कळी मान खाली घालून लोंबते तेव्हा घाबरू नका, ते दुखणं नव्हे. उमलण्याच्या सुमारास देठ सरळ होतो, कळीला झाकणारी दोन केसाळ निदलं (बाहेरची हिरवी पानं) गळतात आणि आतून चुरगळलेल्या कागदासारख्या पाकळ्या बाहेर पडतात. शर्लीचं फूल एक-दोन दिवसच टिकतं, म्हणून कोमेजलेली फुलं खुडत राहा. नव्या कळ्या येत राहतात. फुलदाणीसाठी रंग नुकता दिसू लागलेली कळी कापा आणि देठाचं टोक काही सेकंद ज्योतीवर धरा.

हंगामाच्या शेवटी शर्लीची चार-सहा बोंडं झाडावरच वाळू द्या. टोपीखालची बारीक छिद्रं उघडली आणि हलवल्यावर खुळखुळा वाजला की बोंड कागदी पाकिटात उलटं करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि बी बुरसतं.