मराठी नावं साठवताना या चुका टाळा

मिरगाच्या तोंडावर जालन्यातल्या एका कृषी सेवा केंद्रातून फोन आला. "साहेब, पऱ्हाटीचं बी गोदामात थप्पी लावून ठेवलंय, अन् कॉम्प्युटर म्हणतंय शिल्लक नाही. गिऱ्हाईक समोर उभंय." प्रोग्राम मीच लिहिलेला होता.

जाऊन पाहिलं. यादीत 'पऱ्हाटी', शोधाच्या चौकटीतही 'पऱ्हाटी'. एसक्यूलाइटला, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डेटाबेसला, दोन्ही शब्दांची लांबी विचारली, तर एक ७ आणि दुसरा ८. हा ऱ्ह युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकीत ऱ (०९३१), हलन्त (०९४डी) आणि ह. दुसरीत साधा र (०९३०), हलन्त, न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी), आणि मग ह. पडद्यावर काडीचा फरक दिसत नाही. मालाची नोंद मालकाच्या मुलाने मोबाईलवरून केली होती आणि शोध काउंटरवरच्या कीबोर्डवरून चालला होता.

खरं नुकसान त्यानंतर झालं. माझ्या हाताखालच्या पोराने घाईघाईत नेटवरची एक ओळ उचलली, 'न दिसणारी सगळी अक्षरं उडवा', आणि थेट चालू डेटावर चालवली. बॅकअप घेतला नव्हता. जोडक गेला की र चा रफार होतो, त्यामुळे बिलांवर 'पर्हाटी' छापून यायला लागलं. 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' झालं तर अर्थच बदलतो. अशी उचललेली ओळ मराठीसाठी लिहिलेली नसते, हे नव्या मुलांना कितीदा सांगावं!

'एनएफसी करा, सुटेल' हाही अर्धाच उपाय. एनएफसी म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका ठराविक रूपात आणणं. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) सुटे आले असतील तर एनएफसी त्यांचा ऱ करतं, पण जोडकवाल्या तऱ्हेला हात लावत नाही. म्हणून मी आधी 'र, हलन्त, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालतो, मग एनएफसी करतो. हे काम एकाच फंक्शनमध्ये ठेवायचं आणि साठवताना व शोधताना दोन्हीकडे तेच वापरायचं. फक्त साठवताना वापरलं तर घोळ तसाच राहतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवण्याचा प्रकार 'यूटीएफ८' निवडू नका, 'यूटीएफ८एमबी४' घ्या. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटांचं, त्यामुळे ३ बाइटांपर्यंतच घेणाऱ्या जुन्या 'यूटीएफ८' प्रकारातही मराठी नीट बसते आणि चूक लपून राहते. ४ बाइटांचा इमोजी आला की ती उघडी पडते. कनेक्शनचा कॅरॅक्टर सेटही, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यात अक्षरं कोणत्या प्रकारात जातात तेही, तपासा. एकदा प्रश्नचिन्हं साठली की मूळ अक्षरं परत येत नाहीत.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) एक्सेलसाठी काढत असाल तर सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी न दिसणारी खूण) घाला, पायथनमध्ये त्यासाठी 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंग. नाहीतर डबल क्लिक करून उघडल्यावर मराठीचा चिवडा दिसतो, आणि कोणीतरी तो तसाच सेव्ह करतं.

मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट '१२' चं बारा करतं, पण जावास्क्रिप्टचं नंबर त्यालाच 'एनएएन' (आकडा नाही) म्हणतं. आकडे आत घेतानाच बदला.

नाव दहा अक्षरांवर कापू नका, मात्रा वेगळी मोजली जाते आणि तुटते.

नवा फॉर्म हातात आला की मी 'कुऱ्हाडे', 'ज्ञानेश्वर' आणि '१२' भरतो, एकदा मोबाईलवरून, एकदा कीबोर्डवरून, आणि मग तेच शोधून पाहतो. दोन मिनिटं लागतात.