विदर्भातील खेड्यातून परदेशी प्रयोगशाळेत : उन्हाळी संशोधनाची तयारी कशी करावी

परदेशातील विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन-तीन महिने काम करण्याची संधी केवळ आयआयटीच्या मुलांसाठी असते, असा समज आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांत अजूनही पक्का आहे. काही योजनांत पात्र संस्थांची यादी ठरलेली असते, हे खरे. परंतु ज्या योजनांत तशी अट नाही तेथे तालुक्याच्या महाविद्यालयातील बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा अर्जही वाचला जातो. विद्यार्थ्यांचे असे अर्ज तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. माझ्या पाहण्यात अर्ज मागे पडतात ते मुख्यतः दोन कारणांनी : सुरुवात उशिरा झालेली असते आणि मजकूर दुसऱ्याचा उतरवलेला असतो.

ज्या उन्हाळ्यात जायचे, त्याच्या आदल्या जूनमध्येच तयारीला लागावे. शेतात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, लागवड चालू असते तेव्हा पासपोर्टचा अर्ज गेला पाहिजे आणि कापसाचा पहिला वेचा घरी येईपर्यंत प्राध्यापकांना पत्रे लिहून झाली पाहिजेत. हे वेळापत्रक योजनांच्या मुदतींवरून ठरते. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक ही बारा आठवड्यांची योजना असून तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच मागवले जातात. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वाइज योजनेची मुदत साधारणपणे नोव्हेंबरच्या सुरुवातीस संपते, आणि अर्जासोबत जर्मन प्राध्यापकाचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. म्हणून तेथील पत्रव्यवहार ऑगस्टमध्येच सुरू करावा. जिनिव्हाजवळील सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम भौतिकशास्त्र, संगणक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो; भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि तेथील अर्ज जानेवारीअखेरपर्यंत घेतले जातात. जपानमधील ओकिनावा येथील ओआयएसटी या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत वर्षातून दोनदा अर्ज करता येतो आणि निवड झाल्यास प्रवासखर्च व निवासाची सोय संस्था करते. पात्रतेच्या अटी आणि मुदती बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची तारीख व नियम संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. वर्गमित्राने पाठवलेल्या जुन्या संदेशावर विसंबू नये.

या खऱ्या योजनांत विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. ‘परदेशी इंटर्नशिप मिळवून देतो’ असे सांगून विद्यार्थ्याकडूनच मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून दूर राहावे. वडिलांनी कापूस विकून आणलेले पैसे अशा ठिकाणी गेलेले मी पाहिले आहेत.

मुदतीची वेळ बहुतेकदा त्या त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असते. हिवाळ्यात जर्मनीत मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. मात्र हा जादा वेळ हिशेबात धरू नये. गावात वीज कधी जाईल आणि नेटवर्क कधी तुटेल याचा भरवसा नसतो, म्हणून अर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी भरून टाकावा.

पासपोर्टच्या बाबतीत नावाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेले नाव असे दोन वेगळे रकाने असतात. आधार, गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांतील नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा आणि पुढे निमंत्रणपत्र, विमा व विमानाचे तिकीट या सर्वांवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे. दुसरी अडचण पत्त्याची. माझी एक विद्यार्थिनी शहरातील वसतिगृहात राहत होती, पण अर्जात तिने सध्याचा पत्ता म्हणून गावचा पत्ता दिला. पोलीस पडताळणीसाठी हवालदार गावी आले तेव्हा ती घरी नव्हती, अहवाल प्रतिकूल गेला आणि तो निस्तरण्यात सव्वा महिना निघून गेला. आपण प्रत्यक्ष जेथे राहतो तोच पत्ता द्यावा आणि पडताळणी होईपर्यंत तेथेच राहावे.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे, म्हणजे प्राध्यापकाला लिहायच्या पत्राकडे येतो. ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर संशोधनाने मी प्रभावित झालो असून मी अत्यंत मेहनती विद्यार्थी आहे’ अशा वळणाचे पत्र शंभर ठिकाणी पाठवले तरी उत्तर येत नाही, कारण त्यात ना प्राध्यापकाच्या कामाचा उल्लेख असतो, ना विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेल्या एखाद्या गोष्टीचा. विदर्भातील विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते संशोधनाच्या पत्रात लिहायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या भूजलाचा खारपाणपट्टा, चंद्रपूर व यवतमाळकडील विहिरींतील फ्लोराइड, गडचिरोलीतील सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, मेळघाटातील जंगल, बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले लोणारचे विवर : हे सर्व जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचे विषय आहेत आणि ते आपल्या दारात आहेत.

एक उदाहरण सविस्तर देतो. कीटकशास्त्रातील एका प्राध्यापकाला लिहिताना माझ्या विद्यार्थ्याने पहिल्या मसुद्यात आपल्या गुणांची यादी दिली होती. मी ती काढायला लावली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले तेव्हा त्याने घरच्या शेतात काय पाहिले, ते लिहायला सांगितले. त्याने लिहिले, ‘पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते, त्याला आम्ही डोमकळी म्हणतो आणि ती उघडली की आत अळी सापडते. यंदा मी दोन एकरांत, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजले. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग ही फवारणीची पातळी मानतात. आमच्याकडे ती कोणत्या आठवड्यात ओलांडली गेली, याचा तक्ता सोबत आहे. बीटी कपाशीतील अळीला मारणाऱ्या दोन्ही प्रथिनांना ही अळी प्रतिकार कसा करते, यावर आपण केलेल्या कामातील अमुक प्रयोग मला शिकायचा आहे.’ एवढेच पत्र, दोनशे शब्दांच्या आतले. त्याने बारा प्रयोगशाळांना लिहिले, प्रत्येकीसाठी शेवटचे वाक्य वेगळे लिहिले, तीन उत्तरे आली आणि त्यांतील एक होकाराचे होते. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा आठवण द्यावी, त्यानंतर मात्र पुन्हा लिहू नये.

अनुभव अगदीच नसेल तर आधी देशातच एक उन्हाळा काम करावे. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच मागवले जातात. तिच्यात शिक्षकांनाही जागा असतात, हे आमच्या अनेक सहकाऱ्यांना ठाऊक नसते. नागपुरातील नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था किंवा केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ येथे प्रकल्पासाठी विचारणा करता येते. तेथील मार्गदर्शकाचे शिफारसपत्र पुढे फार उपयोगी पडते, कारण त्यांनी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेले असते.

निवड झाल्यानंतरचा खरा पेच परीक्षेचा असतो. आपल्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा मे-जूनपर्यंत लांबतात, आणि परदेशी प्रयोगशाळेला मे महिन्यातच विद्यार्थी हवा असतो. ही गोष्ट लपवून ठेवू नये. निमंत्रण येताच परीक्षेचे संभाव्य वेळापत्रक कळवावे आणि सुरुवात जूनच्या उत्तरार्धात करता येईल का, हे विचारावे. महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र आणि विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) यांसाठी दोन महिने हाताशी ठेवावेत.

व्हिसाचा प्रकार स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. यजमान संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून तो लेखी कळवून घ्यावा. युरोपातील बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. बारा आठवड्यांचे ८४ दिवस होतात, म्हणजे भटकंतीसाठी सहाच दिवस उरतात. त्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. अमेरिकेसाठी जे-१ हा शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा लागत असेल तर यजमान विद्यापीठाकडून डीएस-२०१९ हा दस्तऐवज आल्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही. मुलाखत मुंबईत असल्यास बडनेऱ्याहून आदल्या रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघून सकाळी थेट वाणिज्य दूतावासात जाण्याचा धोका पत्करू नये; एक मुक्काम आधीच करावा.

विद्यावेतनाचा पहिला हप्ता हाती येण्यास कधी कधी तीन-चार आठवडे लागतात, म्हणून एका महिन्याच्या खर्चाची सोय घरूनच करून निघावे. सामानात जवसाची चटणी अवश्य न्यावी. तूप, पेढे आणि खव्याचे पदार्थ मात्र ठेवू नयेत, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे.

प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात सुरक्षेचे प्रशिक्षण होते. त्यानंतर रोजचे मार्गदर्शन बहुधा एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी करतो आणि प्राध्यापकांनाही तेथे अनेकदा पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्या मुलांची जीभ ‘सर’ म्हटल्याशिवाय वळत नाही. त्यात वावगे काही नाही. त्याहून अडचणीची सवय म्हणजे न समजताही मान डोलावणे. सूचना ऐकल्यावर ती स्वतःच्या शब्दांत परत सांगावी आणि ‘मी बरोबर समजलो का’ असे विचारावे. कोणीही हसत नाही. वहीत तारीख, मात्रा, चुकलेला प्रयोग हे सर्व त्याच दिवशी लिहावे, चुकलेला प्रयोग तर अधिक तपशिलाने.

भटकंती शनिवार-रविवारी करावी. जर्मनीत डॉइचलँड-तिकीट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोला मिळते आणि त्यावर देशभरातील स्थानिक व प्रादेशिक गाड्यांनी फिरता येते, जलद आयसीई गाड्यांनी नव्हे. ते मासिक वर्गणीचे असल्यामुळे शेवटच्या महिन्याच्या दहा तारखेपूर्वी रद्द करावे. लोणार पाहिलेल्या विद्यार्थ्याने बव्हेरियातील नॉर्डलिंगन चुकवू नये. हे गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या, २४ किलोमीटर व्यासाच्या उल्काविवरात वसलेले आहे, तेथील जुने चर्च त्याच आघातात तयार झालेल्या खडकाचे बांधलेले आहे, आणि १९७० मध्ये अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांनी येथे खडक ओळखण्याचे धडे घेतले होते. आपले लोणार सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, त्यामुळे त्याच्या काठावर उभे राहिले की सारे विवर एका नजरेत येते. नॉर्डलिंगनला मात्र चर्चच्या मनोऱ्यावर चढल्यावरच क्षितिजावरील विवराची कड ओळखू येते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे सीमा ओलांडताच मोबाइलचे दर बदलू शकतात. ब्रिटन व आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तेथे या व्हिसावर जाता येत नाही.

निघण्यापूर्वी शेवटच्या आठवड्यात सर्व नोंदी मार्गदर्शकाच्या हवाली कराव्यात, महाविद्यालयातील प्रकल्प-अहवालात कोणती आकडेवारी वापरता येईल याची लेखी परवानगी घ्यावी आणि शिफारसपत्राची विनंती समोरासमोर करावी. गावी परतल्यावर पाठवलेली पत्रे, व्हिसाच्या कागदांची यादी आणि खर्चाचा हिशेब एका फाइलमध्ये लावून विभागात ठेवावा. पुढच्या जूनमध्ये पासपोर्टचा अर्ज भरायला बसणाऱ्या मुलीला ती पहिल्याच दिवशी लागेल.