फुफ्फुसधमनीतली गाठ: गुठळी समजून या चुका करू नका

फुफ्फुसधमनीत अडथळा दिसला की तो बहुतेकदा रक्ताच्या गुठळीचाच असतो. पण क्वचित तिथे सार्कोमा असतो, धमनीच्या आतल्या अस्तरातून वाढणारा कॅन्सर. मांडेलश्टाम यांनी १९२३ साली तो प्रथम नोंदवला, तोही शवविच्छेदनात. आजही तो उशिराच सापडतो आणि कारणं ठरलेली असतात.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे गुण येत नसताना रक्त पातळ करणारी गोळी तशीच चालू ठेवणं. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका नाशिकला आमच्याकडे आले, तेव्हा धाप वाढलेली, वजन उतरलेलं, अंगात बारीक ताप. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, एक गोळी चुकवली नाही हो.” खरंच होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) हवा तसा दोन-तीनच्या मध्येच. पायांचं डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) स्वच्छ, म्हणजे तिथे गुठळी नाही. आधीच्या ठिकाणी दर वेळी फक्त डोस बदलला होता. मी जुनी आणि नवी सीटी शेजारी-शेजारी लावली. सावली मोठी झाली होती, मुख्य धमनीची पोकळी गच्च भरून भिंत बाहेर फुगली होती. नीट औषध चालू असताना गुठळी अशी वाढत नाही. पेट स्कॅनमध्ये (साखर जास्त खेचणाऱ्या पेशी यात उजळतात) ती जागा उजळली, बायोप्सीत सार्कोमा निघाला. तोवर दोन्ही बाजूंच्या शाखा धरल्या होत्या.

म्हणून माझा आग्रह: सीटी स्वतः उघडून बघा. नवे डॉक्टर रिपोर्टची शेवटची ओळ वाचून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो.

पेट स्कॅन थंड आला, म्हणजे जागा उजळली नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका; सार्कोमा तरीही असू शकतो.

संशय असताना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घाईने देऊ नका. गाठ विरघळत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र पदरी पडतो.

ऑपरेशनमध्ये नुसती गाठ ओढून काढणं हा शॉर्टकट आहे, भिंतीत रोग राहतो. हार्ट-लंग मशीनवर शरीर १८ ते २० अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवून, अस्तरासकट सोलावं लागतं. गाठ भिंतीपार गेली असेल तर धमनीचा तुकडा कापून त्या जागी ग्राफ्ट (बदली नळी), कधी एक फुफ्फुसही काढावं लागतं. फ्रोझन सेक्शनसाठी (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं) पॅथॉलॉजिस्टला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

ऑपरेशनसाठी मुंबईला पेशंट पाठवताना पहिल्या सीटीची सीडी सोबत द्या, नुसता छापील रिपोर्ट नको.