खर्च आटोक्यात आणला, सराफा सोडला नाही

जिथे सराफा बाजारात रात्री खाऊगल्ली भरते त्या इंदूरला राहायचं आणि खाण्यावर कात्री लावायची, हे आमच्या घरात कुणालाच पटणारं नव्हतं. पण पगार वीस तारखेलाच संपायचा. एका रविवारी मोबाइलमधले महिनाभराचे सगळे व्यवहार वहीत उतरवले. मोठा खर्च एकही नव्हता. चाळीस, साठ, दीडशे असे स्कॅन करून दिलेले पैसेच सात हजारांच्या घरात गेले होते. फार वाईट वाटलं.

मग दर सोमवारी बाराशे रुपये रोख काढून फडताळातल्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लागले. भाजी, चहा, रिक्षा, सगळं त्यातूनच. नोट हातातून सुटताना जाणवते, स्कॅन करताना जाणवत नाही. माझ्यापुरता सगळा फरक इथेच पडला. किराणा महिन्यातून एकदा सियागंजच्या बाजारातून घाऊक भावात आणतो.

घरपोच जेवण मागवणं बंद केलं. थंडीत गराडू, म्हणजे एक तळून खायचा कंद, घरीच करते. सोलताना हाताला तेल लावायचं, नाहीतर खाज सुटते. फोडी आधी मंद आचेवर तळायच्या, मग कडकडीत तेलात पुन्हा एकदा, कडा लालसर होईपर्यंत. वरून जिरावण हा चटपटीत मसाला आणि लिंबू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सराफ्यातल्यासारखेच झालेत!"

तरी महिन्यातल्या एका शनिवारी रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाली की आम्ही सराफ्यात जातोच. भुट्टे का कीस, गरम जिलबी, मनसोक्त. त्या रात्रीचे पैसे डब्यात वेगळे बांधून ठेवलेले असतात, आणि तेव्हा मी हिशोब विचारत नाही.