हावेलांज यांच्यावर लेख लिहायचा असेल तर

ब्राझीलचे फुटबॉल प्रशासक जोआओ हावेलांज यांच्यावरचा लेख जन्मापासून सुरू करू नका, हे मी आमच्या क्रीडा विभागातल्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधलं त्यांचं पोहणं एका ओळीत उरका आणि थेट ११ जून १९७४ ला फ्रँकफर्टला जा. त्या दिवशी त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष स्टॅनली राउस यांना हरवून फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचं अध्यक्षपद मिळवलं. कसं, ते नीट उलगडा. फिफात देश लहान असो की मोठा, मत एकच. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची पाठराखण केल्यामुळे राउस आफ्रिकी देशांच्या मनातून उतरले होते. हावेलांज यांनी या देशांना विश्वचषकात जास्त जागांचं आश्वासन दिलं आणि ते पाळलंही: १६ संघांचे १९८२ मध्ये २४ झाले, १९९८ मध्ये ३२. हे श्रेय देताना हात आखडता घेऊ नका.

मग पैशांकडे वळा. इथे शब्द तोलून वापरा. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या स्विस कागदपत्रांनुसार विश्वचषकाचे हक्क विकणाऱ्या आयएसएल कंपनीकडून त्यांना १९९७ मध्ये किमान १५ लाख स्विस फ्रँक मिळाले होते. खासगी व्यवहारातली अशी लाच तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये गुन्हा नव्हती, म्हणून ‘दोषी ठरले’ असं लिहू नका. पण कायद्यात बसलं म्हणून ते योग्य होतं, असंही वाचकाला वाटू देऊ नका. माझ्या मते तो खेळाशी द्रोहच होता. २०१३ मध्ये त्यांनी मानद अध्यक्षपद सोडलं, ही नोंद त्याच परिच्छेदात घ्या.